सरळ रेघ

पंचगंगेच्या पट्ट्यातला एक साखर कारखाना, गाळप ऐन भरात, रात्रपाळी. कंट्रोल रूमचं दार उघडलं की बगॅसचा दमट, आंबूस-गोड वास आत शिरतो. दार लागलं की फक्त एसीची घरघर उरते. पडद्यावर रसशुद्धीकरणाचं पान उघडं होतं. सल्फायटेड, म्हणजे चुना आणि गंधकाचा वायू देऊन साफ केलेल्या रसाचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचा आकडा) ७.०, सेटपॉइंट म्हणजे हवा असलेला आकडा ७.१, हिरवी रेघ आडवी, अलार्म एकही नाही. पाळीचा ऑपरेटर ती रेघ आणि शेजारची चुन्याच्या व्हॉल्व्हची रेघ बराच वेळ न्याहाळत होता. शेवटी त्याने नव्याने लागलेल्या इन्स्ट्रुमेंट इंजिनिअरला हाक मारली. "साहेब, ही रेघ बघा की जरा. लई सरळ चाललीया." "मग चांगलंच आहे की मामा, लूप घट्ट बसलाय." "रस कुठं एवढा सरळ असतोय? गव्हाणीत दर गाडीला ऊस बदलतोय." एवढं बोलून मामा टॉर्च घेऊन खाली उतरले. पांढऱ्या टाइलवर रसाचा एक थेंब, त्यावर ब्रोमोथायमॉल ब्लूचा एक थेंब. हिरवट रंग यायला हवा होता, आला गडद निळा. पीएच मोजणारा इलेक्ट्रोड बाहेर काढला तर काचेच्या बल्बला केसभर तडा. आणि तासाभरापूर्वी ४२ टक्क्यांवर असलेला चुन्याचा व्हॉल्व्ह ६३ वर जाऊन बसलेला.

नवा इलेक्ट्रोड लावला, लूप, म्हणजे पीएच मोजून चुन्याचा व्हॉल्व्ह हलवणारी साखळी, पुन्हा ऑटोवर गेला, नोंदवहीत एक ओळ पडली. कारखान्याच्या हिशेबात हे फार मोठं नाही. तरी हा प्रसंग डोक्यातून जात नाही, कारण त्या तासाभरात कुणाकडूनही चूक झाली नव्हती. कंट्रोलरने गणित बरोबर केलं. ट्रान्समीटरने आलेला सिग्नल जसाच्या तसा पुढे दिला. तार धड होती, व्हॉल्व्ह सांगितला तेवढा उघडत होता. सगळी साखळी चोख चालली होती, आणि रस बिघडत होता.

काचेचा पीएच इलेक्ट्रोड काय करतो ते एकदा नीट पाहिलं की यातली खरी गोम कळते. बल्बच्या आतल्या आणि बाहेरच्या द्रवातल्या फरकानुसार तो काही मिलिव्होल्ट देतो. २५ अंशांना एका पीएचमागे ५९ मिलिव्होल्ट, ७० अंशांच्या रसात साधारण ६८. पीएच ४ ला अधिक १७७, पीएच १० ला उणे १७७. आणि पीएच ७ ला? शून्य. म्हणजे बल्ब तडकून आतबाहेर एकच द्रव झाला, केबलच्या जोडात ओल शिरून शॉर्ट झाला, की व्होल्टेज शून्याकडे येतं आणि पडद्यावर सातच्या आसपासचा आकडा उमटतो. बॉयलरच्या पाण्याला ९ ते १० चा पीएच लागतो, तिथे हा खोटा सात लगेच डोळ्यात भरतो. उसाच्या रसाला मात्र हवाच असतो ७.० ते ७.२. मेलेला इलेक्ट्रोड इथे बरोबर तोच आकडा दाखवतो जो सगळ्यांना बघायचा असतो.

पुढचं काम इंटिग्रल करतं, म्हणजे कंट्रोलरमधला तूट साठवत जाणारा भाग. समजा गेन (तुटीला किती पट उत्तर द्यायचं तो आकडा) १ आहे, इंटिग्रल टाइम २ मिनिटं आणि मोजमापाची कक्षा ० ते १४. मोजलेला पीएच ७.०, हवा ७.१, तूट ०.१, म्हणजे कक्षेच्या ०.७ टक्के. ही तूट भरत नाही तोवर कंट्रोलर दर दोन मिनिटांना आउटपुटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हला दिलेल्या हुकमात, आणखी ०.७ टक्के घालत जातो. तासाला २१ टक्के. ४२ चे ६३ झाले ते असे. आणखी दोन तास कुणी लक्ष दिलं नसतं तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडला असता, तरीही पडद्यावर पीएच ७.० च राहिला असता. इकडे जास्तीच्या चुन्याने रसातली ग्लुकोज-फ्रुक्टोज मोडतात, रस तांबूस-काळा पडतो, चुन्याचे क्षार वाढून पुढे इव्हॅपोरेटरच्या नळ्यांवर थर धरतात. उलट दिशेला, पीएच सातच्या खाली घसरला तर गरम रसात साखरच फुटते आणि मळीत जाते. दोन्हीकडे खड्डा आणि मधली वाट अरुंद, म्हणून तर हा लूप संगणकावर दिला.

मामांना इंटिग्रल टाइम माहीत असेल-नसेल. त्यांनी दोन रेघा एकत्र वाचल्या. आउटपुट चढतंय आणि पीएच हलत नाही, हे शक्य नाही.

चाळीस-पन्नास फूट अंतरावरच्या यंत्राची खबर संगणकापर्यंत आणायची रीत ज्यांनी बसवली, त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट करून ठेवली आहे. सिग्नल शून्यापासून सुरू न करता ४ मिलिअँपिअरपासून सुरू केला. ४ म्हणजे कक्षेचा तळ, २० म्हणजे माथा. तार तुटली, फ्यूज उडाला, उंदराने केबल कुरतडली, की शून्य येतं. आणि शून्य ही 'टाकी रिकामी' अशी खबर न राहता 'खबर देणाराच गेला' अशी होते. त्याआधी हवेवर चालणारी उपकरणं होती, तिथेही ३ ते १५ पीएसआय अशीच पट्टी होती. आजचे ट्रान्समीटर स्वतःत बिघाड जाणवला की मुद्दाम ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर जातात, म्हणजे पीएलसीला (यंत्रं चालवणाऱ्या कारखान्यातल्या छोट्या संगणकाला) कळावं की हा आकडा मोजमापाचा नाही. पण त्या रात्री ट्रान्समीटरला काहीच झालं नव्हतं. ० ते १४ च्या कक्षेत ७ म्हणजे १२ मिलिअँपिअर, नेमका मध्य. तो इमानदारीने १२ पाठवत होता. ४ ते २० ची राखण तारेपुरती आहे, काचेपर्यंत ती पोचत नाही.

यंत्र बिघडणारच. माझा आग्रह एवढाच की बिघडताना ते दिसलं पाहिजे. स्वयंचलित यंत्रणा विकणारा माणूस वेग सांगतो, अचूकता सांगतो, पडद्याचा आकार सांगतो. प्रत्येक सेन्सर मेल्यावर काय दाखवेल, हे कोणी सांगत नाही आणि दुर्दैवाने विचारतही नाही.

इचलकरंजीच्या साध्या पॉवरलूमवर एक वेफ्ट फोर्क असतो. बाण्याचा धागा आडवा गेला की तो त्या काट्याला ढकलून कलता करतो, आणि म्हणून माग चालू राहतो. धागा तुटला किंवा कांडी संपली तर काट्याला ढकलणारं कुणी उरत नाही. काटा हातोडीत अडकतो, हँडल सुटतं, माग थांबतो. काट्याला संगणक नाही, वीज नाही, सेन्सर तर नाहीच नाही. चालू राहण्यासाठी मागाला दर दोन फेकींना पुरावा द्यावा लागतो. पुरावा आला नाही तर थांबायचं. ही रचना करणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पॅनेलमधल्या लाल इमर्जन्सी बटणाची वायरिंग हेच करते: बटण नॉर्मली क्लोज्ड, सगळं ठीक असताना त्यातून करंट वाहत असतो, बटण दाबलं काय आणि तार निसटली काय, करंट तुटतो आणि मशीन थांबतं. मोटरच्या ओव्हरलोड रिलेचा ९५-९६ हा कॉन्टॅक्ट त्याचसाठी क्लोज्ड असतो. तरीही लहान पॅनेलमध्ये ९७-९८ या एरवी उघड्या कॉन्टॅक्टवरून पीएलसीच्या इनपुटला तार आणलेली दिसते, कारण लॉजिक लिहायला ते 'सरळ' वाटतं. ती तार स्क्रूमधून सैल झाली तर मोटर जळेपर्यंत पीएलसीला पत्ता लागत नाही.

मोठ्या कारखान्यांत संगणक पहिल्यांदा आला तेव्हा भीती बिघाडाचीच होती. १९५९ मध्ये टेक्सासमधल्या पोर्ट आर्थरच्या टेक्साको रिफायनरीत आरडब्ल्यू-३०० नावाच्या संगणकाने एक युनिट चालवायला घेतलं. १९६२ मध्ये इंग्लंडात फ्लीटवूडच्या सोडा ॲश कारखान्यात आयसीआयने फेरांटीचा आर्गस बसवला. २२४ मोजमापं आत, १२९ व्हॉल्व्ह बाहेर, मधले जुने कंट्रोलर काढून टाकलेले. आधी एक कंट्रोलर बिघडला तर एक लूप जायचा. आता एक यंत्र बिघडलं की १२९ व्हॉल्व्ह एकदम अनाथ. १९७५ च्या सुमारास हनीवेलची टीडीसी २००० आणि योकोगावाची सेंटम आली ती काम वाटून घेऊनच: थोडे लूप या खोक्यात, थोडे त्या, आणि एक गेलं तर बाकीच्यांनी बोंब मारायची. मोटार कारखान्यांची वाट वेगळी. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला दरवर्षी मॉडेल बदललं की रिलेची कपाटंच्या कपाटं नव्याने वायर करायचा वीट आला होता. त्यातून मॉडिकॉनची ०८४ आणि पीएलसीची सगळी वंशावळ निघाली. पीएलसी पुन्हापुन्हा तेच करते: इनपुट वाच, लॅडर म्हणजे लिहून ठेवलेला प्रोग्रॅम सोडव, आउटपुट लिही, सगळं काही मिलिसेकंदांत. शेजारी वॉचडॉग घड्याळ चालू असतं. प्रोग्रॅम कुठे अडकला आणि ठरलेल्या वेळेत फेरी पुरी झाली नाही, तर वॉचडॉग पीएलसीला फॉल्टमध्ये टाकतो आणि आउटपुट सोडून देतो. पुन्हा तोच मागाचा काटा.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर, काम करणाऱ्याला खोट्या आकड्याची ओळख वेगळ्या वाटेने होते. व्हीएमसीचा (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनचा) एन्कोडर मोटरचे फेरे मोजतो. टेबल प्रत्यक्षात कुठे आहे ते त्याला दिसत नसतं, फेऱ्यांवरून तो ते धरून चालतो. सकाळपासून जोरात काम चाललं की टेबल सरकवणारा बॉलस्क्रू तापतो. ५०० मिलिमीटर लांबीचा पोलादी स्क्रू १० अंशांनी तापला की साधारण ५७ मायक्रॉन लांबतो. कास्टिंगवरच्या दोन बोअरमधलं अंतर ५० मायक्रॉनच्या टॉलरन्सबाहेर जातं, आणि पडद्यावर मात्र तीन दशांशांपर्यंत चोख आकडे. म्हणून सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं मशीन रिकामं फिरवून गरम करून घ्यायचं, जेवणाच्या सुट्टीनंतरचा पहिला जॉब मोजायचा, आणि फारच बारीक काम असेल तर टेबलाचीच जागा वाचणारा लिनिअर स्केल लावायचा. खर्च जास्त, पण मोजमाप खऱ्या जागेवरून येतं. कोल्हापूरचा जुना टर्नर मायक्रोमीटर हातातून सोडत नाही, हे मला फार बरं वाटतं.

बिघाड दिसण्यालाही एक मर्यादा आहे. प्रत्येक गोष्टीला अलार्म लावला की पाळीत दोन-तीनशे ओळी लाल होतात आणि ऑपरेटरचं बोट आपोआप 'ॲकनॉलेज'वर जातं. इमुआ या ब्रिटिश औद्योगिक संघटनेच्या १९१ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत सुरळीत चालू असताना दहा मिनिटांना एक अलार्म इतपत ठीक मानलं आहे. त्याहून जास्त वाजत असेल तर खरं वाजणं ऐकू येत नाही. सीएनसीची 'बॅटरी लो' ही सूचना अशीच आठवडेच्या आठवडे लुकलुकत राहते. अॅब्सोल्यूट एन्कोडरची बॅटरी संपली की अक्षाची होम पोझिशन जाते. ती बदलायची तीही मशीनचा कंट्रोल चालू ठेवून. मेन बंद करून बदलली की जे वाचवायचं तेच पुसलं जातं.

आता त्या पीएच लूपचं काय करावं? पहिली गोष्ट काचेची. रस-सल्फायटरच्या पुढे इलेक्ट्रोडवर कॅल्शियम सल्फाइटचा पांढरट थर बसतो, तो पाळीत एकदा तरी काढावा. पाच टक्क्यांच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये काही मिनिटं बुडवायचा, भरपूर पाण्याने धुवायचा, बल्ब फडक्याने घासायचा नाही, फक्त टिपायचा. काम नसेल तेव्हा पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवायचा. डिस्टिल्ड पाण्यात ठेवला तर आतला इलेक्ट्रोलाइट झिरपून तो लवकर संपतो. मग बफर, म्हणजे पीएच ठाऊक असलेलं तपासणीचं द्रावण. घाईच्या वेळी बरेच जण फक्त ७ चं बफर दाखवतात, आकडा ७ आला की समाधान मानतात. पण तडकलेला इलेक्ट्रोडही ७ च्या बफरमध्ये ७ च दाखवणार! म्हणून ४ चं किंवा ९.२ चं बफर चुकवायचं नाही. दोन बफरमधला मिलिव्होल्टचा उतार आदर्शाच्या ८५-९० टक्क्यांच्या खाली गेला की इलेक्ट्रोड बदलायचा, साफ करत बसायचं नाही. चांगल्या ट्रान्समीटरमध्ये काचेचा विद्युतरोध तपासायची सोय असते. धड काचेचा रोध थंड असताना शेकडो मेगाओमपर्यंत असतो, गरम रसात तो बराच उतरतो, आणि तडा गेला की एकदम कोसळतो. ही तपासणी बहुतेक ठिकाणी बंदच ठेवलेली असते, ती आधी चालू करावी.

दुसरी गोष्ट लूपच्या मांडणीची, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. चुन्याचं दूध मुळात रसाच्या प्रवाहाच्या प्रमाणात सोडावं. मॅग्नेटिक फ्लोमीटरवरून रस किती येतोय ते कळतं, त्या हिशेबाने व्हॉल्व्ह किती उघडायचा ते ठरतं, आणि पीएचला फक्त वरखाली दहा टक्क्यांची मुभा द्यायची. असं असतं तर त्या रात्री ४२ चे फार तर ५२ झाले असते आणि तिथेच अडले असते. दोन इलेक्ट्रोड लावले तर त्यांच्यातला फरक ०.३ च्या वर गेला की अलार्म देता येतो, पण कोण खोटं हे कळत नाही. तीन लावले तर मधला आकडा घ्यायचा, म्हणजे एकाचं खोटेपण आपोआप बाजूला पडतं. इतका खर्च नको असेल तर चार ओळींचं लॉजिक पुरतं: आउटपुट दहा मिनिटांत तीन टक्क्यांहून जास्त हललं आणि तेवढ्या वेळात पीएच ०.०२ सुद्धा हलला नाही, तर लूप मॅन्युअलवर टाकायचा, व्हॉल्व्ह दहा मिनिटांपूर्वी होता तिथे आणायचा आणि मामांना बोलवायचं. मामा जे डोळ्याने करत होते तेच हे. फरक इतकाच की पहाटे तीनलाही ते डुलकी न घेता चालतं. सॅम्पलची नळीही बघायला हवी. ती लांब असेल तर रस इलेक्ट्रोडपर्यंत पोचायला अर्धा-पाऊण मिनिट जातं, तेवढ्या उशिराने आलेल्या खबरेवर गेन वाढवला की लूप झोके खाऊ लागतो. मग कुणीतरी वैतागून डॅम्पिंग, म्हणजे आकड्याची चढउतार बोथट करणारी सेटिंग, वाढवतं, रेघ दिसायला छान सपाट होते, आणि खरी हालचाल झाकली जाते.

हाच विचार गुऱ्हाळापर्यंत नेता येतो. गुळव्याचं काम संगणकाला द्यावं असं माझं म्हणणं नाही, पण काहिलीत डिजिटल तापमापक लावावा असं अनेकांना वाटतं आणि त्यात गैर काही नाही. ढेपेच्या गुळासाठी पाक साधारण ११८ अंशांना उतरवतात. पण गुळव्या अंश बघत नाही. थंड पाण्यात पाकाचा थेंब सोडून त्याची गोळी बोटांत वळवून बघतो, कारण ऊस कोणत्या जातीचा, किती पक्का, कोणत्या रानातला, खारवट की निचऱ्याच्या, यावर पाकाची वेळ मागेपुढे होते. तापमान ही त्या पक्वतेची फक्त एक खूण. तरी लावायचाच तर पीटी-१०० (प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान सांगणारा सेन्सर) लावावा, तीन तारांचा, म्हणजे तारेचा रोध वजा होतो. शून्य अंशांना १०० ओम, ११८ ला सुमारे १४५. त्याचं टोक काहिलीच्या तळाला टेकू द्यायचं नाही, नाहीतर पाकाऐवजी तापलेल्या पत्र्याचं तापमान येतं. दर काहिलीनंतर आवरण धुवायचं, कारण करपलेल्या पाकाचा थर बसला की वाचन काही अंश मागे राहतं आणि शेवटच्या टप्प्यात तेवढ्याने अख्खी काहील हातची जाते. इंडिकेटरच्या सेटिंगमध्ये 'बर्नआउट' नावाचा पर्याय असतो: सेन्सरची तार तुटली तर आकडा वर जावा की खाली. तो 'वर' करून ठेवावा. मग तार तुटली तर ठरल्या अंशाला वाजणारी घंटा अवेळी वाजेल, गुळव्या येऊन पाणी-पाक करून बघेल, फार तर चिडेल. 'खाली' ठेवला असेल तर आकडा पडेल, घंटा वाजणारच नाही आणि चुलवाणात जाळ चालूच राहील. आणि घंटा ११८ ला लावू नये, ११५ ला लावावी. उरलेले तीन अंश गुळव्याचे. भेंडीचं पाणी घालून मळी काढल्यापासून काहिलीवर त्याचं लक्ष असतंच, पाक अर्धा अंश अलीकडे उतरवायचा की पलीकडे, ते त्याने ठरवायचं.